पाटीवरचं नाव

बडनेऱ्याला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलो तेव्हा अमरावतीच्या लग्नाचं जेवण अजून घशाशी होतं. खाण्याचा विषय निघायचं काही कारण नव्हतं. पण सौ.चे मामा सोबत होते. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं किराण्याचं दुकान होतं, आजोबांनी घातलेलं. जीएसटी आला त्या वर्षी मामांनी ते बंद केलं. लोक जीएसटीला बोल लावतात, मामा गुडघ्यांना. जन्मभर गादीवर मांडी घालून बसलेल्या माणसाचे गुडघे जायचेच. तेच दाखवायला ते आमच्याबरोबर पुण्याला, धाकट्या मुलाकडे निघाले होते.

विषय काढला बायकोनं. ती वाणिज्य शिकवते, त्यामुळे दुकान दिसलं की तिला धडा दिसतो.

"मामा, आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर शेगाव कचोरी मिळते आता. पुण्यात तर दर चौकात आहे."

"थे शेगावची नोय."

"पाटीवर तसं लिहिलंय."

"पाटीवर काईबी लिवता येते, पोरी."

इथून जे सुरू झालं ते शेगाव येईपर्यंत संपलं नाही. मी मधल्या जागेवर होतो. दोन्ही बाजूंचा नातेवाईक असल्यामुळे बराच वेळ गप्प होतो. जे ऐकलं ते लिहून काढलं आहे. मामांची वऱ्हाडी माझ्या कानाला जशी लागली तशी उतरवली आहे. जुने दुकानदार बिलाखाली लिहीत तसं, चूकभूल देणे-घेणे.

मामांचं म्हणणं असं की कचोरी एकाच घरची. तीरथराम शर्मा नावाचा पंजाबातला माणूस फाळणीनंतर इकडे आला आणि १९५० च्या आसपास शेगावच्या स्टेशनावर त्यानं खाण्याचा स्टॉल घातला. डाळीचं सारण भरलेली, गार झाली तरी चालणारी, दुसऱ्या दिवशीही खाता येणारी कचोरी, आणि सोबत तळलेली हिरवी मिरची. तेव्हापासून त्याच घरातली माणसं ते चालवतात.

"ना इथली भाषा येत, ना कोनी ओयखीचं," मामा म्हणाले. "आमाले आजोबाची गादी आयती भेटली, थी आमी सांभाळली नाई. अन् थ्या मानसानं शून्यातून घराणं उभं केलं. दुकान म्हंजे घराणं. घर टिकलं त दुकान टिकते."

फाळणीतून आलेल्या माणसांची वऱ्हाडात बरीच खूण आहे. अकोल्यात सिंधी कॅम्प आहे, अमरावतीत रामपुरी कॅम्प आहे. कॅम्प केव्हाच उठले. पत्ते सांगताना नावं मात्र अजून तीच.

बायको म्हणाली, "घराण्याचं कौतुक आहेच. पण तुम्ही गोष्ट मधूनच सुरू करताय. १९५० साली शर्मा उतरले त्या फलाटाला तेव्हा ऐंशीवर वर्षं झाली होती. हा रूळ १८६७ मध्ये नागपूरला पोचला. कशासाठी? अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवलं. १८७० मध्ये जलंब ते खामगाव एवढासा फाटा टाकला, तर त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आपण आत्ता बसलो त्या बडनेऱ्याहून अमरावतीचा फाटा १८७१ चा. सगळं सरकीच्या बोंडासाठी. माणसं त्या गाड्यांतून नंतर फिरायला लागली. मग शेगावात १८७८ ला गजानन महाराज प्रकटले, १९१० ला समाधी झाली आणि दर्शनाला रीघ लागली. शर्मांनी कढई चढवली तेव्हा गिऱ्हाईक फलाटावर आधीच उभं होतं. त्यात घराण्याचं काय?"

"टेसन मूर्तिजापूरले नाई का? पारसले नाई का?" मामांनी विचारलं. "गाडी तथीही थांबते. तथी काऊन कचोरी नाई झाली?"

माझ्या मते हा प्रश्न बिनतोड होता. बायकोनं कर्जतचा दिवाडकरांचा वडा काढला, लोणावळ्याची मगनलालची चिक्की काढली. पाहा, म्हणाली, सगळी नावाजलेली खाणी रेल्वेनंच वाढवली. कर्जतला घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिन लावायचे, तेवढा वेळ मिळायचा आणि तेवढ्यात वडा खपायचा. मामांनी मान डोलावून ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग मायंच म्हननं झालं की. इंजिन साऱ्याइच्या गाडीले लागे, वडा एकाचाच लोकायच्या ध्यानात रायला."

तेवढ्यात मूर्तिजापूर आलं. इथून एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला अचलपूर अशी 'शकुंतला' जायची, अरुंद रुळांची, किलिक निक्सनच्या कंपनीची. १९९४ पर्यंत तिला कोळशाचं इंजिन होतं. आता ती बंद आहे. मामा खिडकीतून बोट दाखवून म्हणाले, "पाय. ह्या कंपनीपाशी रूळ होते, इंजिन होतं, इंग्रजाचा पैसा होता. शर्मापाशी कढई होती. कोन रायलं?"

बायकोला हसू आलं, पण ती ऐकणारी नव्हती. तिनं दुसरं टोक धरलं.

"बरं, घर राहिलं. मग नाव का नाही राहिलं? मघाशी तुम्हीच म्हणालात, पुण्यातली ती शेगावची नव्हे. पाटी तर त्याच नावाची आहे. घराण्यानं सत्तर वर्षं राबून जे नाव केलं ते आज कुणीही रंगवून लावतो."

"चोरलं लोकायनं."

"चोरलं कसं? गावाचं नाव एकट्याच्या मालकीचं होत नाही, मामा. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते काय एका बागाईतदाराचं आहे? त्या मुलखात जो जो संत्रं पिकवतो त्या सगळ्यांचं आहे. कायदाच तसा आहे. 'शेगाव' हा शब्द शर्मांच्या आधीही होता, नंतरही राहील. त्यांनी गावाचं नाव घेतलं तेव्हा गावाला विचारलं होतं?"

"त्यायनं घेतलंच नाई," मामा शांतपणे म्हणाले. "लोकायनं देल्लं. गाडीतला मानूस घरी गेला, बायकोनं इचारलं कोठची, थो म्हने शेगावची. झालं नाव. दुकानदार कधी सोताचं नाव ठेवत नसते. माह्या दुकानावर आजोबाचं नाव होतं मोठ्या अक्षरात. गिऱ्हाईक काय म्हने ठाऊक हाय? 'कोपऱ्यावरच्या लंगड्याच्या दुकानातून साखर आन.' माह्या बापाचा पाय अधू होता."

यावर दोघंही थोडा वेळ गप्प होते. चहावाला येऊन गेला. मला वाटलं, संपलं. पण बायकोनं चहाचा कप खिडकीच्या कडेवर ठेवला आणि म्हणाली, "हेच मला म्हणायचंय. दुकानाचा इतिहास नेहमी गादीवरचा माणूस सांगतो. गादीसमोर उभा असलेला सांगत नाही."

"म्हंजे?"

"तुम्ही लहानपणी आम्हाला सांगायचात ना, अमरावतीचा परकोट? १८०७ मध्ये निजामाच्या अमलात बांधायला घेतला, पेंढाऱ्यांपासून अमरावतीच्या सावकारांना आणि व्यापाऱ्यांना वाचवायला. अंबागेट, भुसारी गेट, नागपुरी गेट सगळं तुम्हाला पाठ. पण ती भिंत कुणाच्या मालाला होती? भिंतीबाहेरच्या कुणब्याचं पेंढारी काय नेणार होते, त्याचं आधीच आत येऊन पडलं होतं. नाहीतर ती १८४२ ची गोष्ट घ्या. एकाच व्यापाऱ्यानं एक लाख बैलांवर कापूस लादून मिर्झापूरच्या वाटेनं पाठवल्याचं जुन्या इंग्रजी नोंदींत आहे."

"लाख बैल!" मामांचे डोळे चमकले. व्यापारी माणूस. "केवढी उलाढाल असन थी."

"बघा. तुम्हाला उलाढाल दिसली. लाख बैलांमागे चालत किती माणसं गेली असतील, ती परत आली का, हे कुणी लिहिलं?"

इथे मामा दुखावले. ते आवाज चढवत नाहीत, चष्मा काढून पुसतात. चष्मा पुसत म्हणाले, "तुले वाटते आमी लुटलं."

"मी असं नाही म्हटलं."

"म्हन ना. म्हनतेत लोक. पन एक सांग. मृगात पेरनी झाली का शेतकऱ्यापाशी दमडी नसते. कापूस घरात येते दसऱ्या-दिवाळीले. मदल्या चार-पाच महिन्यात त्याचं घर कोन चालवे? ब्यांक? ब्यांकेनं त्याले कधी पावशेर साखर देल्ली? आमी देल्ली. वहीत लिवून. कापूस आला का तो येऊन चुकता करे. नाई पिकलं त पुढच्या सालावर. ह्याले लूट म्हनते का?"

"व्याज?"

"किराण्यात व्याज नसते."

"मग भाव दोन असतात. रोखीचा एक, उधारीचा एक."

मामा थोडे थांबले. मग जे बोलले त्यासाठी मी त्यांना मानतो. "हाव," म्हणाले. "दोन असतेत. कोनी पाटीवर लिवत नाई, पन असतेत. सारेच धरत. आमीबी धरला."

एकदा कबूल करायला बसले की मामा थांबत नाहीत. १९५७ मध्ये नवे पैसे आले तेव्हा ते अकरा वर्षांचे होते आणि शाळा सुटली की वडिलांच्या बाजूला गल्ल्यापाशी बसत. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैसा तर कुणाकडेच नाही. मग सहा धरायचे की सात? "घेताना सात, देताना सहा," मामा म्हणाले. पुढे शेर जाऊन किलो आला. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे ९३३ ग्रॅम, म्हणजे किलो सदुसष्ट ग्रॅमनं भारी. माल जास्त जातो तर भाव थोडा वर जायला हवा, हे सरळ आहे. "सदुसष्ट गरामाचे पैसे वाढवाचे होते," मामा म्हणाले, "आमी शंभराचे वाढोले. साऱ्या बजारानं वाढोले. कोनाले समजलं नाई. काटा आमी कधी मारला नाई, पन हे केलं."

बायकोला वाद जिंकल्याचा आनंद झालेला दिसला नाही. ती म्हणाली, "हे कुठे लिहून ठेवलंय का कुणी?"

"वहीत होतं."

मग मामा वहीबद्दल बोलायला लागले, आणि माझ्या मते त्या प्रवासातला सगळ्यात चांगला भाग हाच. लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या. रोजची उलाढाल कीर्दीत, आणि त्यातून ज्याचं त्याचं खातं खतावणीत. दिवाळीला नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री, खाली शुभ-लाभ, मग पूजा. मामांना एका शेतकऱ्याचं खातं पाठ होतं. नाव त्यांनी सांगितलं, मी लिहीत नाही. आषाढात मीठ, घासलेट, चहापत्ती, बिडी. श्रावणात साबुदाणा. पोळ्याला गूळ दोन शेर, हरभऱ्याची डाळ, तेल, कारण त्या दिवशी बैलाला पुरणपोळी द्यायची. "एका साली पोळ्याले गूळ दोन शेराचा अर्धा शेर झाला," मामा म्हणाले. "म्या बापाले म्हटलं, ह्यानं कमी काऊन नेला? बाप म्हने, त्याचा एक बैल गेला. वहीत बैलाचं कोठी लिवलं नाई. गुयावरून समजलं."

"आणि पुढल्या वर्षी?"

"पुढल्या साली पाव शेर. मंग खातंच बंद. जमीन गेली. आमच्याकडे नाई गेली," हे त्यांनी घाईनं सांगितलं, "दुसऱ्या कोनाकडे गेली."

१९७२ मध्ये सरकारनं कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. तेव्हा दुकानाचं हे चक्र ढिलं झालं, असं मामा म्हणतात. कापूस केंद्रावर, पैसा चेकनं, तोही हप्त्यानं. शेतकरी चुकता करायला यायचा तो दिवाळीचा दिवस राहिला नाही. हे कारण कितपत खरं आणि दुकान खालावलं ते किती कारणांनी, हा हिशेब मला जमणारा नाही. बायको म्हणाली की मुलं शिकली आणि बाहेर गेली हे खरं कारण. मामांनी ते नाकारलं नाही. थोरला बँकेत, धाकटा पुण्यात संगणकाच्या कंपनीत. "एकालेबी गादीवर बसा वाटलं नाई," मामा म्हणाले. "शर्माचे नातू बसले. म्हनून म्हनतो, घर टिकलं पायजे."

बायको यावेळी लगेच बोलली नाही. खिडकीबाहेर तूर उभी होती. मग तिनं विचारलं, "मामा, दिवाळीच्या वहीच्या बेरजा कोण करायचं?"

मामांनी चष्मा काढला.

"ताई," ते म्हणाले.

ताई म्हणजे माझी सासू. त्या जाऊन सहा वर्षं झाली. मॅट्रिकला गणितात त्या शाळेत पहिल्या आल्या होत्या हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आणखी एक मला त्या दिवशी कळलं. लग्न होईपर्यंतची आठ वर्षं दुकानाची खतावणी त्यांनी लिहिली. वडील रात्री कीर्द घरी आणत आणि त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी कंदील घेऊन खाती लावत. लग्नानंतरही दिवाळीला माहेरी आल्या की ताळा त्याच जमवत. मामांना बेरजा जमत नसत. त्यांनी हेही सांगून टाकलं.

"आणि पाटीवर?"

"पाटीवर आजोबाचं नाव."

"पुढे?"

"अ‍ॅण्ड सन्स."

बायको म्हणाली, "तुमची दोन मुलं गादीवर बसली नाहीत म्हणून दुकान गेलं, असं तुम्ही म्हणता. आईला कुणी विचारलं होतं का, तू बसतेस का? मला विचारलं का? १९९४ मध्ये महाराष्ट्रानं कायदा केला, २००५ मध्ये सगळ्या देशात झाला, मुलीचा मुलाइतकाच वाटा. तुम्ही आईकडून काय घेतलंत?"

"हक्कसोड," मामा म्हणाले. "तिनं खुशीनं देल्लं."

"खुशीनं."

"मी इचारलं नाई तिले, खुशी हाय का म्हनून. सारेच देतेत. बहिनी देतेतच." मग थोड्या वेळानं, "सई तिची लय सुरेख होती. वहीत असे तशीच."

गाडी अकोल्याला लागली होती. मामांचं गाव. फलाटावर गर्दी होती. मामा दारापर्यंत गेले, गुडघे धरत परत आले आणि बसले. ओळखीचं कुणी दिसलं नाही, म्हणाले. अकोल्याच्या स्टेशनावर मामांच्या ओळखीचं कुणी दिसत नाही, असं मी पहिल्यांदा ऐकलं.

या वादात बाजू घ्यायची माझी पात्रता नाही. पण तोवर सहन केलं होतं म्हणून मी बोललो. मी म्हणालो, की मामाजी, तुमच्या दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे आणि ते तुम्हाला दिसत नाही. पाटीवरचं नाव खोटं असतं. शेगावच्या कचोरीचं नाव पुण्याच्या चौकात आहे, पण ती केली त्या घराचं नाव त्या पाटीवर नाही. तुमच्या दुकानाच्या पाटीवर घराचं नाव होतं, पण ज्या बाईनं दुकानाचा हिशेब उभा ठेवला तिचं नव्हतं. तिकडे काम राहिलं आणि नाव पळालं. इकडे नाव राहिलं आणि काम करणारं माणूस पळालं नाही, पाठवलं गेलं.

बायकोनं माझ्याकडे जरा कौतुकानं पाहिलं. मामा म्हणाले, "जवाईबापू, तुमी लिवनारे लोक. असं दोन्हीकडून बोलता येते तुमाले. मायं म्हननं एवढंच, शर्माच्या घरी बायका काय करत असन ते तुमाले ठाऊक हाय का? मले नाई ठाऊक. सारन कोन करत असन सुरुवातीले? मसाला कोनाच्या हातचा? कोनी लिवलं हाय का?"

हे मात्र बायकोच्याही ध्यानात आलं नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही आता माझ्या बाजूनं बोलताय."

"मी कोनाच्याच बाजूनं नाई. मी कचोरीच्या बाजूनं."

पारस गेलं. औष्णिक वीजकेंद्राची धुराडी मागे पडली. बायकोनं विचारलं, "त्या वह्या आता कुठे आहेत? आईच्या अक्षरातल्या. मला एक तरी द्या. विद्यापीठात एक मुलगी वऱ्हाडातल्या उधारीवर काम करते, तिला सोनं सापडेल."

मामांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. दुकान बंद केलं तेव्हा माळ्यावर साठ-सत्तर वह्या होत्या. थोरला म्हणाला, वाळवी लागेल, घराला लागेल. रद्दीवाला आला. किलोवर मोजून नेल्या. मामांनी स्वतः काटा पाहिला, रद्दीवाल्यानं चोख तोलला. चांगला जाड कागद होता म्हणून वर्तमानपत्रापेक्षा दोन रुपये जास्त दिले.

"महिन्याभरानं," मामा म्हणाले, "जठारपेठेत फुटाणे घेतले. पुडी सोडली त आतून ताईचं अक्षर. 'गूळ, दोन शेर.' सालबी दिसलं नाई, खातंबी कोनाचं ते दिसलं नाई. फाटेल होतं. मी परत गेलो त्या पोट्ट्याकडे. म्हटलं, बाकीचे कागद दे. थो म्हने, बाबा, संपले."

"तो कागद?"

"हाय. पोथीत ठेवला हाय."

मग कुणीच काही बोललं नाही. जुन्या पेढ्यांच्या घरांत अजून माळे आहेत आणि माळ्यांवर वह्या आहेत. हे मी वाचकांसाठी लिहितो आहे; गाडीत बोललो नाही, कारण ज्याला सांगायचं त्याच्या माळ्यावर आता काही नव्हतं.

शेगाव आलं. गाडी दोन मिनिटं थांबते. दारापाशी आधीच रांग होती, निम्मे दर्शनाला उतरणारे आणि निम्मे नुसते कचोरीला. मी उतरलो, सहा घेतल्या, मिरच्या मागून जास्त घेतल्या आणि गाडी हलता हलता चढलो. कचोऱ्या गरम होत्या, तेल कागदाला फुटत होतं. बायकोनं पहिली मामांना दिली. त्यांनी ती डाव्या हातात धरली आणि उजव्या हातानं कागद आधी या बाजूनं, मग त्या बाजूनं उलटून पाहिला.

वर्तमानपत्र होतं, दोन दिवसांपूर्वीचं, बाजारभावाचं पान.

"अकोल्यात तूर उतरली," मामा म्हणाले, आणि कचोरी खायला लागले.